आधी स्क्रीन तपासा, मग रंग सुधारा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या बचत गटांतल्या सगळ्या ताया, मावश्या आणि घरी बसून फोटो एडिटिंगचं काम करणाऱ्या मुली, आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. विषय आहे कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे रंग बरोबर लावून घेणं आणि ते बरोबर ठेवणं. इंग्रजीत याला मॉनिटर कॅलिब्रेशन म्हणतात. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. गोष्ट तांत्रिक असली तरी आपल्या गल्ल्यातल्या पैशांशी तिचा थेट संबंध आहे.

गजानन मार्केटमध्ये किंवा जपानी बाजारात साडी घेताना आपण काय करतो? दुकानदार कितीही ट्यूबलाईट लावू दे, आपण साडीचं टोक धरून दुकानाच्या दाराशी येतो आणि दिवसाच्या उजेडात रंग बघतो. मॅचिंग ब्लाऊज पीस घेताना तर नक्कीच. आतल्या उजेडात जुळलेला रंग बाहेर आल्यावर वेगळा निघतो, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. आता आपण व्हॉट्सॲपवर फोटो टाकून साड्या, कुर्ते, दागिने, पिशव्या विकतो. तिथे गिऱ्हाइकाला साडी दाराशी नेता येत नाही. आपण टाकलेला फोटो हाच तिचा उजेड. तो फोटो फसवा असेल, तर साडी चांगली असूनही परत येते.

परत आलेल्या मालाचा हिशोब मांडून बघा. समजा, एका साडीत आपल्याला २०० रुपये सुटतात. कुरिअरला जाताना ८० आणि येताना ८० रुपये लागले, तर १६० रुपये नुसते प्रवासात गेले. त्या साडीतून काही मिळालं नाहीच, शिवाय दुसऱ्या विकलेल्या साडीच्या नफ्यातले १६० रुपयेही गेले. आणि गिऱ्हाइकाचा विश्वास गेला, तो कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

आमच्या भागातल्या एका गटाच्या बाबतीत गेल्या नवरात्रात हेच झालं. नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. मोरपंखी साड्या फोटोत बॉटल ग्रीन दिसल्या, त्यामुळे हिरव्याच्या दिवसासाठी बायकांनी त्या मागवल्या. हातात पडल्यावर मोरपंखी निघाल्या. नवरात्रात रंग चुकला की ती साडी त्या दिवशी कामाचीच नाही, आणि दिवस उलटला की बदलून देण्यालाही अर्थ नाही. फोटो काढणाऱ्या ताईने मेहनत घेऊन प्रत्येक फोटोचा रंग कॉम्प्युटरवर 'जुळवला' होता. पण ज्या स्क्रीनकडे बघून जुळवला, तिचेच रंग वाकडे होते.

डोळ्यांवर भरवसा का नाही?

आपल्याला वाटतं, स्क्रीन पिवळट झाली असती तर मला दिसलं नसतं का? नाही दिसत. पिवळ्या दिव्याच्या खोलीत गेल्यावर पहिली दोन मिनिटं सगळं पिवळं वाटतं. थोड्या वेळाने पांढरा शर्ट पुन्हा पांढराच वाटायला लागतो. शर्टावर पडणारा उजेड बदललेला नसतो, आपले डोळे आणि मेंदू त्या उजेडाला सरावलेले असतात. रोजच्या जगण्यासाठी हा गुण चांगला आहे. रंगाच्या कामात मात्र तोच फसवतो. रोज तीच स्क्रीन बघितली की ती पिवळट असो की निळसर, आपल्याला ती 'बरोबर'च वाटते.

मग होतं काय ते नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. समजा, तुमची स्क्रीन पिवळट दाखवते. फोटो उघडला की तो तुम्हाला पिवळट वाटतो. तुम्ही एडिटिंगमध्ये पिवळा कमी करता, निळा वाढवता. तुमच्या स्क्रीनवर फोटो छान दिसायला लागतो. पण फोटोत आता जास्तीचा निळा भरलेला आहे. तो बाकी सगळ्यांच्या फोनवर निळसर दिसणार. म्हणजे स्क्रीनमध्ये जो दोष, त्याच्या बरोबर उलटा दोष आपण आपल्या हाताने फोटोत घालतो. स्क्रीन फार उजळ असेल तर आपण फोटो काळोखा करून ठेवतो. "लॅबमधून अल्बम काळपट आला" अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा लॅबची चूक नसते. घरातली स्क्रीन नको तेवढी लख्ख ठेवलेली असते.

हे तराजूसारखं आहे. पापड-मसाले विकणाऱ्या गटांना माहीत आहे, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची दरवर्षी वैधमापन कार्यालयाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. काटा रोज वापरातला असला, विकणारी बाई कितीही प्रामाणिक असली, तरी पडताळणी लागतेच. कारण काटा चुकतो तेव्हा तो सांगून चुकत नाही. स्क्रीनचंही तसंच. फरक एवढाच की तिच्यावर शिक्का मारायला कोणी येत नाही. पडताळणी आपली आपणच करायची.

'बरोबर' म्हणजे कुणाच्या मापाने?

तराजूला जसा किलो ठरलेला आहे, तसं स्क्रीनलाही माप ठरलेलं आहे. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि एचपी या दोन कंपन्यांनी मिळून एसआरजीबी नावाचं रंगांचं प्रमाण मांडलं, आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो याच मापाने चालतात. आपल्याला त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत.

पहिली, पांढरा किती पांढरा. त्याचं माप आहे ६५०० केल्विन. हा आकडा तुम्ही पाहिलेला आहे. एलईडी बल्बच्या खोक्यावर 'कूल डेलाईट, ६५०० के' असं छापलेलं असतं, तोच हा. ३००० केल्विनचा बल्ब पिवळसर असतो, आकडा वाढेल तसा उजेड निळसर होतो. दुसरी गोष्ट गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या किती भराभर उजळत जातात ते. त्याचं माप २.२. तिसरी, स्क्रीनचा उजेड. फोटोच्या आणि छपाईच्या कामाला साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड धरतात. दुकानातून नवा मॉनिटर येतो तेव्हा तो २५० च्या आसपास किंवा त्याहून लख्ख असू शकतो, कारण शोरूममध्ये जो जास्त चमकतो तो उठून दिसतो.

रंग ठरलेल्या नमुन्याशी ताडून बघायचं काम काही कॉम्प्युटरपासून सुरू झालेलं नाही. आपल्या गाडीच्या वाटेनेच पुढे कर्जत, लोणावळा ओलांडलं की मळवली लागतं. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे तिथे हलवला होता. घरोघरी भिंतीवर लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं त्या छापखान्यातली. तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचे, एकावर एक रंग छापायचे आणि उतरलेलं चित्र मूळ चित्राशी ताडून बघायचे. एक रंग जास्त झाला की देवीचा चेहरा बिघडायचा. आपण तेच काम माऊसने करतो. ताडून बघण्याची शिस्त तेवढी सुटलेली आहे.

पैसे न घालता काय करता येईल?

आता कामाचं सांगते. यंत्र नसलं तरी पुढच्या गोष्टी आजच करता येतात. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

आधी जागा. मॉनिटरवर खिडकीचा उजेड थेट पडता कामा नये, आणि पाठीमागची खिडकी स्क्रीनमध्ये चमकता कामा नये. शेजारी गडद गुलाबी किंवा पोपटी भिंत असेल तर तिचा रंग डोळ्यांवर परिणाम करतो. भिंत रंगवता येत नसेल तर स्क्रीनच्या मागे राखाडी किंवा पांढरी चादर लावा. खोलीत एकाच प्रकारचे दिवे ठेवा. एक पिवळा बल्ब आणि एक पांढरी ट्यूब अशी सरमिसळ नको. कपडा आणि स्क्रीन शेजारी ठेवून बघायचं असेल, तर ६५०० केल्विनचा एलईडी लावा. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असेल तर तो ९० किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. सीआरआय म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. साध्या बल्बचा तो ८० च्या आसपास असतो, आणि त्याखाली लाल-मरून रंग खास करून फिके दिसतात.

मग मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्या. लगेच सेटिंग करायला बसू नका. चालू झाल्यावर थोडा वेळ उजेड आणि रंग दोन्ही बदलत असतात.

तेवढ्या वेळात रंग बदलणाऱ्या 'सोयी' बंद करून टाका. रात्री स्क्रीन पिवळी करणारा नाईट लाईट, उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बॅटरी वाचवताना उजेड कमी करणारी सोय, आणि मॉनिटरच्या बटणांतले 'डायनॅमिक', 'गेम', 'मूव्ही', 'व्हिव्हिड' असे मोड. डोळ्यांना आराम म्हणून हे वापरायला हरकत नाही, पण फोटोचं काम सुरू असताना नाही.

नंतर मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा आणि त्याला फॅक्टरी सेटिंगवर आणा. त्यात एसआरजीबी नावाचा मोड असेल तर तो निवडा. नसेल तर कलर टेंपरेचरमध्ये ६५०० के निवडा. कुठे त्याला 'वॉर्म', 'नॉर्मल', 'कूल' अशी नावं असतात. तिथे बहुतेक वेळा 'नॉर्मल' किंवा 'वॉर्म' जवळचं निघतं, 'कूल' फार निळसर असतं.

आता उजेड. एक कोरा पांढरा कागद कामाच्या दिव्याखाली स्क्रीनच्या शेजारी धरा आणि स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी भगभगत असेल तर ब्राइटनेस कमी करत जा. कागद आणि स्क्रीन सारख्याच उजळ वाटल्या की थांबा. अनेकदा हा आकडा निम्म्याच्याही खाली येतो. पहिल्या दिवशी "किती अंधुक!" असं वाटेल. दोन दिवसांत सवय होते, आणि अल्बम काळपट यायचे थांबतात.

यानंतर विंडोजमधली सोय वापरा. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' असं टाईप केलंत की ती उघडते. ती एकेक पायरी दाखवत जाते. आधी गॅमासाठी गोल ठिपके दिसतात. पट्टी हलवून मधले ठिपके विरून जातील असं करायचं. मग काळा सूट घातलेल्या माणसाचा फोटो येतो. त्यात सूट आणि शर्ट वेगवेगळे ओळखू यावेत आणि मागची फुलीची खूण जेमतेम दिसावी. पुढच्या फोटोत पांढऱ्या शर्टाच्या सुरकुत्या आणि बटणं दिसायला हवीत. शेवटी राखाडी पट्ट्या येतात. त्यात गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक दिसत असेल तर लाल, हिरवा, निळा या तीन पट्ट्यांतली जी जास्त वाटते ती किंचित कमी करायची. लॅपटॉपवर कॉन्ट्रास्टचं बटण नसतं, ती पायरी सोडून द्या.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनकडे वरून बघितलं तर एक रंग आणि खालून बघितलं तर दुसरा दिसतो. म्हणून स्क्रीनचा कोन ठरवून घ्या, डोळ्यांच्या अगदी समोर, आणि काम करताना रोज तोच ठेवा. अशा पुष्कळ लॅपटॉपना एसआरजीबीतले सगळे रंग दाखवताच येत नाहीत. लाल आणि हिरवे रंग फिकट दिसतात. ते कितीही सेटिंग केलं तरी येणार नाहीत. गटासाठी नवा मॉनिटर घ्यायचा विचार असेल, तर 'आयपीएस' पॅनलचा आणि 'एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के' असं लिहिलेला बघून घ्या. त्यासाठी फार मोठ्या किमतीचाच मॉनिटर लागतो असं नाही.

यंत्र घ्यावं का?

वर सांगितलेलं सगळं डोळ्यांनी करायचं आहे, आणि डोळे सरावतात हे आपण आत्ताच बोललो. म्हणून ही तपासणी ढोबळच. पक्की पडताळणी यंत्राने होते. माऊसएवढं छोटं यंत्र असतं, ते स्क्रीनवर टेकवून लोंबत ठेवायचं. स्पायडर आणि कॅलिब्राइट ही त्यातली दोन माहितीची नावं. कॉम्प्युटर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतो, यंत्र ते मोजतं. कुठला रंग किती चुकतो हे कळलं की सॉफ्टवेअर तो सुधारतं आणि एक फाईल तयार करतं. तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संस्था काढली, ती याच फाईलचे नियम ठरवते.

या कामात दोन भाग आहेत. काटा शून्यावर आणणं हा पहिला, ते कॅलिब्रेशन. आणि शून्यावर आणूनही काटा थोडा चढा-उतरा असेल तर तो किती, याची चिठ्ठी काट्याला लावून ठेवणं हा दुसरा, ते प्रोफाइल. फोटो एडिटिंगचं चांगलं सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचून रंग दाखवतं. चिठ्ठी ज्या काट्याची त्यालाच लागू. म्हणून मैत्रिणीच्या कॉम्प्युटरची प्रोफाइल फाईल आपल्याकडे आणून चालत नाही, दोन्ही मॉनिटर एकाच कंपनीचे असले तरीही.

यंत्राच्या सॉफ्टवेअरने विचारलं, तर पांढरा डी६५ म्हणजे ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १०० ते १२० असं भरा. यंत्रासोबत सॉफ्टवेअर येतंच. त्याशिवाय डिस्प्लेकॅल नावाचं फुकट सॉफ्टवेअरही आहे, पण तेही यंत्राशिवाय मोजू शकत नाही.

आता खर्च. नवं यंत्र दहा हजारांच्या वर जातं. एकटीने घेण्यासारखं नाही, आणि घ्यायची गरजही नाही. महिन्यातून एकदाच लागणारी वस्तू आहे, एका स्क्रीनला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. समजा, यंत्र १५ हजारांचं आहे आणि आपल्या तीन शहरांतल्या १५ जणी मिळून घेतात, तर प्रत्येकीला १००० रुपये. पाच-सहा परत येणाऱ्या साड्या वाचल्या की पैसे वसूल. गटात शिलाई मशीन किंवा मसाल्याची चक्की सामाईक असते, तसंच हे. कुणाकडे ठेवायचं, कुणी कधी न्यायचं, बिघडलं तर काय, याचा ठराव बैठकीत लिहून घ्या. लग्नाच्या अल्बमचं काम घेणाऱ्या मुलींनी तर हे लवकर करावं. शालूचा डाळिंबी विटकरी झाला किंवा हळदीच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे हिरवट आले, तर तो फोटो पुन्हा काढता येत नाही.

राखायची कशी? पंचसूत्रीच

गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. स्क्रीनलाही अशीच पाच सूत्रं लावा.

एक, तारीख ठरवा. मॉनिटरचा दिवा वापराने हळूहळू मंद होतो, रंग सरकतात. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशीच तपासणी करा. डोळ्यांनी करत असाल तरी महिन्यातून एकदाच. रोज थोडं थोडं बदलत बसलात तर मूळ कुठे होतं तेच कळणार नाही.

दोन, वही ठेवा. तारीख, ब्राइटनेसचा आकडा, निवडलेला मोड, कुणी तपासलं. एका ओळीचं काम आहे.

तीन, एक खूणगाठ ठेवा. साधा, बिनचमकीचा, चार-पाच रंगांच्या तुकड्यांचा छोटा पट्टा शिवा: लाल, हिरवा, निळा, पिवळा आणि मधे राखाडी. त्याचा चांगल्या उजेडात फोटो काढा, तो कॉम्प्युटरवर कायम ठेवा आणि लॅबमधून एक प्रिंटही काढून आणा. पट्टा आणि प्रिंट पाकिटात, अंधारात ठेवा. उन्हात राहिले तर तेच फिके पडतील. दर महिन्याला स्क्रीनवरचा फोटो त्यांच्याशी ताडून बघा.

चार, सेटिंगला कुणाला हात लावू देऊ नका. मुलं गेम खेळताना मोड बदलतात. त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं खातं उघडा, आणि मॉनिटरच्या मेनूला कुलूप लावायची सोय असेल तर लावा. विंडोजचं मोठं अपडेट झालं किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, की प्रोफाइल निघून तर गेली नाही ना, एवढं बघा.

पाच, स्वच्छता. स्क्रीन बंद करून, गार झाल्यावर, मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा. लागलंच तर फडकं पाण्याने किंचित ओलं करा. काचा पुसायचा स्प्रे स्क्रीनवर मारू नका, त्याने वरचा थर खराब होऊ शकतो. आणि स्क्रीनवर रंगीत किंवा चमकदार कागद चिकटवू नका.

स्क्रीन बरोबर झाली, आता फोटो

स्क्रीन चोख झाली म्हणून चुकीच्या उजेडात काढलेला फोटो आपोआप सुधारत नाही. फोटो खिडकीजवळ, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात काढा आणि घरातले दिवे बंद ठेवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की साडीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते. ते नंतर सुधारणं फार अवघड. पहिल्या फोटोत साडीवर राखाडी कार्ड ठेवा. ग्रे कार्ड म्हणून ते फोटोच्या दुकानात मिळतं. एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने त्या राखाडीवर क्लिक केलं की रंग जागेवर येतात, आणि तीच सेटिंग त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना लावता येते. पांढऱ्या कागदावर क्लिक करू नका. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घालतात, त्यांनी तो निळसर होतो.

काम झाल्यावर फोटो एसआरजीबीमध्येच, जेपेग करून सेव्ह करा. अ‍ॅडोबी आरजीबी नावाची दुसरी सोय दिसेल. त्यात जास्त रंग मावतात हे खरं, पण तसा फोटो अनेक ठिकाणी फिका आणि मेलेला दिसतो. अल्बम छापायला देण्याआधी लॅबला विचारा की त्यांना कुठली प्रोफाइल हवी. मग चार बाय सहाची एक चाचणी प्रिंट काढायला सांगा, आणि "तुमच्याकडून कलर करेक्शन करू नका" असंही सांगा. ती प्रिंट स्क्रीनशी जुळली की मगच पूर्ण अल्बम द्या.

काही रंग स्क्रीनच्या आवाक्याबाहेरचेच असतात. गडद मोरपंखी आणि रेडियमसारखे चमकणारे रंग एसआरजीबीत पूर्ण मावत नाहीत. आपल्या बदलापूरच्या जांभळाचा रंग घ्या. जांभळट रंग पुष्कळ कॅमेरे निळ्याकडे ओढतात. अशा मालाला फोटोखाली दोन ओळी लिहा: "रंग मोरपंखी, निळ्याकडे झुकणारा. फोटो दिवसाच्या उजेडात काढला आहे." चिंतामणी, आमसुली, अबोली, शेवाळी, लिंबोळी असे नेमके शब्द आपल्या भाषेत आहेत. ते वापरा. शेड कार्डवरचा नंबर असेल तर तोही द्या, आणि जमलं तर खिडकीशी धरलेल्या साडीचा पाच सेकंदांचा व्हिडिओ.

तुमच्यापैकी पुष्कळ जणी विचारतील, "ताई, आपली स्क्रीन बरोबर केली, पण गिऱ्हाइकाचा फोन चुकीचा असेल तर?" असेल. कुणाचा फोन भडक दाखवतो, कुणाचा पिवळट, कुणाची काच फुटलेली असते. सगळ्यांचे फोन आपल्या हातात नाहीत. पण विचार करा, काही फोन निळ्याकडे चुकतात, काही पिवळ्याकडे. आपला फोटो मधोमध, खऱ्या मापावर असेल, तर बहुतेकींना तो थोडाच चुकलेला दिसेल. आपलाच फोटो आधी निळा असेल, तर निळ्या फोनवर तो दुप्पट चुकतो. शिवाय एखादीने तक्रार केलीच, तर "आमचा फोटो तपासलेला आहे, तुम्ही एकदा दुसऱ्या फोनवर बघा" असं आपण ठामपणे म्हणू शकतो. माल परत घ्यायचा की नाही हे तेव्हा भांडणाने न ठरता बोलण्याने ठरतं.

जाता जाता एक सोपी परीक्षा देते. अंबरनाथचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. १०६० सालचं, काळ्या दगडाचं. तुमच्या फोनमध्ये त्याचा दिवसा काढलेला फोटो असेलच. तो कॉम्प्युटरवर उघडा. दगड काळा-राखाडी दिसतोय, की त्याला निळी किंवा गुलाबी झाक आलीय? झाक दिसली तर फोटो आणि स्क्रीन या दोघांपैकी एकात गडबड आहे. तोच फोटो आणखी दोन वेगळ्या स्क्रीनवर बघा. फक्त तुमच्याकडेच झाक असेल, तर संशय तुमच्या स्क्रीनवर. ही काही मोजणी झाली नाही, पण घरातली स्क्रीन तपासायची वेळ आली आहे का, एवढं त्यावरून कळतं.

येत्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाकुणाकडे कॉम्प्युटर आहे, कोण फोटोचं काम करतं आणि गेल्या वर्षात रंगाच्या तक्रारीने किती माल परत आला, एवढं लिहून काढा. तो आकडा समोर आला की यंत्र घ्यायचं की नुसत्या सेटिंगवर भागवायचं, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.